नमकीनच्या दुकानाचं बिलिंग: इन्हेरिटन्स कुठे अडतं आणि ते कसं सोडवायचं

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला मल्हारगंजात मामांचं नमकीन-मिठाईचं दुकान आहे आणि त्याचं बिलिंग भाचा जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहितोय. वर 'वस्तू' हा क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं यांचा साचा; त्यावरून बनतो तो ऑब्जेक्ट), त्याखाली 'नमकीन' आणि 'मिठाई', त्या प्रत्येकाखाली 'सुटं' आणि 'पॅक', आणि त्याच्याही खाली 'किरकोळ' आणि 'घाऊक'. खालचा क्लास वरच्याचं सगळं वारशाने घेतो, हेच इन्हेरिटन्स. एकूण पंधरा क्लास. दिवाळीचा गिफ्ट बॉक्स यात कुठे बसवायचा ते सुचत नाही. शिवाय तीन तक्रारी आहेत. पॅकच्या वस्तूंच्या लेबलवर किंमत शून्य येते. भाव बदलला की वस्तू स्टॉकच्या हॅशमॅपमध्ये (चावी देऊन नोंद शोधायच्या यादीत) सापडत नाही. काही बिलांत एका पैशाचा फरक पडतो. शेवटी विचारलंय, "मला ओओपी (क्लास आणि ऑब्जेक्ट यांवर उभं प्रोग्रामिंग) कळलेलंच नाही का?"

कळलेलं आहे. क्लास, ओव्हरराइड (वरच्या क्लासचं काम खालच्याने आपल्या पद्धतीने लिहिणं), सुपर (वरच्या क्लासला बोलावणं) हे सगळं तुम्ही बरोबर वापरलंय. अडचण एका निर्णयात आहे: क्लास कशावरून पाडायचे. तुम्ही ते दुकानात ऐकू येणाऱ्या नामांवरून पाडलेत. ते पाडायला हवेत काय बदलतं आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलतं यावरून. गिफ्ट बॉक्सची अडचण थेट तिथूनच आलीय. बाकीच्या तीन चुका स्वतंत्र आहेत, पण एकाच ऑब्जेक्टमध्ये सगळं कोंबल्यामुळे त्या सापडायला अवघड झाल्यात.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुकानात फक्त सुटं नमकीन विकलं जात असतं, एकच काउंटर असता, घाऊक गिऱ्हाईक नसतं, तर एक क्लास आणि दोन इफ यांवर काम भागलं असतं आणि मी पुढचं काहीच सुचवलं नसतं. हेच जर कॉलेजचं सबमिशन असेल आणि सरांना इन्हेरिटन्सचं झाड बघायचं असेल, तर झाड ठेवा. पण तुमचं बिलिंग रोज गिऱ्हाइकासमोर चालणार आहे आणि भाव, कर, सणाचे पदार्थ सतत बदलणार आहेत. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

आता झाडाकडे बघू. त्यात तीन वेगवेगळे भेद एकाखाली एक रचलेत: पदार्थाचा प्रकार, विकायची रीत, गिऱ्हाइकाचा भाव. हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत. लौंग सेव सुटीही विकली जाते आणि पाकिटातही, किरकोळही आणि घाऊकही. स्वतंत्र भेद एकाच झाडात रचले की त्यांचा गुणाकार होतो. आज तळाला २ × २ × २ म्हणजे आठ क्लास आहेत. उद्या कचोरी आणि मावाबाटी नगावर विकायची म्हणून तिसरी रीत आली की १२. गरम नाश्ता हा तिसरा प्रकार जोडला की ३ × ३ × २, म्हणजे १८. हेच भेद वेगळे ठेवून एकमेकांना जोडले तर ३ + ३ + २, म्हणजे आठ तुकडे पुरतात, आणि नवा भेद आला की त्या संख्येत एकाचीच भर पडते. एक बदल केला की चार ठिकाणी मोडतं असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारणही हेच आहे: किरकोळ भावाचा नियम तळाच्या चार क्लासांत कॉपी झालाय.

म्हणून प्रत्येक भेदाला एक प्रश्न विचारा: याने वागणूक बदलते की फक्त माहिती? नमकीन आणि मिठाई यांना तो विचारून बघा. बिल करताना मिठाई काही वेगळं करते का? मिठाईला टिकण्याची मुदत असते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवर 'बेस्ट बिफोर' तारीख दाखवणं एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने बंधनकारक केलं, त्यामुळे तुम्हाला तो क्लास वेगळा वाटला असणार. पण मुदत म्हणजे दिवसांचा आकडा. तो 'वस्तू'मध्ये एक फील्ड (माहितीचा रकाना) म्हणून बसतो, आणि नमकीनलाही मुदत असतेच. करासाठीचा एचएसएन कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक), तोही फील्डच. म्हणजे 'नमकीन' आणि 'मिठाई' हे क्लास उरतच नाहीत. 'वस्तू' हा एकच क्लास राहतो: कोड, नाव, एचएसएन, मुदत. त्याला एकही वारस नको, आणि त्याची सगळी फील्ड फायनल (एकदा भरली की न बदलणारी) करा.

विकायची रीत मात्र खरोखर वेगळं काम करते. वजनावर विकताना काट्यावरून ग्रॅम येतात आणि किंमत भाव × ग्रॅम ÷ १००० अशी निघते. ३२० रुपये किलोची सेव २६५ ग्रॅम घेतली तर ८४.८०. पाकिटावर किंवा नगावर विकताना संख्या पूर्णांक असते, दीड पाकीट हा प्रकार नसतो. इथे वागणूक बदलते, म्हणून इथे इंटरफेस (कोणती कामं करायची एवढंच सांगणारा करार) हवा: 'विक्रीरीत', आणि तिच्या तीन अंमलबजावण्या, 'वजनावर', 'पाकिटावर', 'नगावर'. जावा १७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर हा इंटरफेस सील्ड करा. म्हणजे चौथी रीत कोणी नकळत कुठूनतरी जोडू शकणार नाही, आणि जावा २१ मध्ये स्विच लिहिताना एखादी रीत राहून गेली तर कंपायलरच अडवेल.

इथेच तुमच्या कोडमधली एक छुपी चूक आहे, तिच्यावर जरा थांबतो. 'वस्तू'मध्ये 'प्रमाण' नावाचा डबल (अपूर्णांक चालणारा आकडा) आहे. सुट्यासाठी त्याचा अर्थ किलो, पॅकसाठी पाकिटं. पॅकवाल्या क्लासमध्ये तुम्ही अपूर्णांक आला की एक्सेप्शन फेकता. म्हणजे वरचा क्लास म्हणतो "कुठलंही प्रमाण द्या" आणि खालचा म्हणतो "मी १.५ घेणार नाही". बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या व्याख्यानात मांडलेला प्रतिस्थापनाचा नियम इथेच मोडतो: वरच्या क्लासने दिलेला शब्द खालच्याने पाळला पाहिजे, नाहीतर वरच्या क्लासवर विसंबून लिहिलेला कोड खालचा ऑब्जेक्ट हातात आला की कोसळतो. तुमच्या बिलाच्या लूपमध्ये 'इन्स्टन्सऑफ'ची (हा ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा, या तपासणीची) रांग उभी राहिलीय ती त्यामुळेच. उपाय साधा आहे. आकड्याचा अर्थ रीतीलाच ठरवू द्या. काउंटरवर टाइप केलेला मजकूर 'विक्रीरीत'कडे जाईल, ती तपासून एकतर बिलाची ओळ देईल किंवा नीट चूक सांगेल. ग्रॅम नेहमी पूर्णांकात ठेवा. ०.२६५ किलो असा डबल कुठेच फिरू देऊ नका.

भाव आणि कर हे दोन्ही वस्तूच्या बाहेर काढा. भाव मामा ठरवतात, कर सरकार ठरवतं, आणि दोघेही तुमच्या रिलीजची वाट बघत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा जीएसटी १२% वरून ५% झाला. सुट्या नमकीनवर तो आधीपासून ५% होता. 'पॅकनमकीन' क्लासमध्ये १२ हा आकडा लिहिलेला असेल तर त्या दिवशी तो बदलून ५ करावा लागला असता, आणि मग ऑगस्टच्या बिलाची क्रेडिट नोट (परताव्याची पावती) काढताना तीही ५ टक्क्यांनी निघाली असती. ती जुन्या बिलाच्या दरानेच निघायला हवी. म्हणून 'करनियम' नावाचा एक वेगळा ऑब्जेक्ट ठेवा, त्याला एचएसएन, पॅकबंद आहे की नाही आणि तारीख हे तीन द्या, तो टक्केवारी परत करेल. 'भावपत्रक' तसंच: वस्तू, गिऱ्हाइकाचा वर्ग आणि तारीख दिली की भाव. किरकोळ आणि घाऊक हे क्लास तिथे विरघळतात, त्यांचं एक इनम (ठरावीक पर्यायांची यादी) होतं.

बिलाची ओळ एकदा तयार झाली की तिच्यात भाव, टक्केवारी आणि रक्कम गोठवून ठेवा. जुनं बिल पुन्हा छापताना 'भावपत्रका'ला पुन्हा विचारायचं नाही. नवीन माणसं इथे हमखास घसरतात, कारण ओळीत वस्तूचा रेफरन्स असतो आणि वस्तूकडून आजचा भाव मिळवणं फार सोपं वाटतं.

आता गिफ्ट बॉक्स. तो वस्तूचा वारस नाही, त्याच्या पोटात वस्तू आहेत. त्याचं बिल नगावर होतं आणि भाव त्याचा स्वतःचा असतो, आतल्या वस्तूंची बेरीज नसते. वेगळेपण फक्त साठ्यात आहे: एक बॉक्स विकला की सेव ४०० ग्रॅम, मिक्स्चर ४०० ग्रॅम आणि मिठाईचा एक डबा कमी व्हायला हवा. म्हणून 'विकण्याजोगं' हा छोटा इंटरफेस करा, त्यात 'साठ्यातून काय जातं' ही मेथड (क्लासचं एक काम), जी वस्तू आणि प्रमाणांची यादी देते. साध्या वस्तूच्या यादीत एकच नोंद असते, बॉक्सच्या यादीत तीन. साठ्याच्या कोडला बॉक्स आणि सेव यांतला फरक कळण्याची गरजच राहत नाही. कराबाबत एक सावधगिरी बाळगा: वेगवेगळ्या दरांच्या, सहज एकत्र न विकल्या जाणाऱ्या वस्तू एकाच किमतीत दिल्या तर सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तो मिश्र पुरवठा ठरतो आणि त्यातला सर्वांत जास्त दर पूर्ण किमतीला लागतो. मामांच्या बॉक्समध्ये नेमकं काय असतं ते सीएंना दाखवून दर ठरवून घ्या. कोडमध्ये तो 'करनियमा'तच बसेल.

राहिल्या तीन तक्रारी.

शून्य किंमत. 'वस्तू'च्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) लेबल बनवण्यासाठी तुम्ही 'किंमतकाढा' ही मेथड बोलावता आणि 'पॅकनमकीन' ती ओव्हरराइड करून स्वतःच्या 'पाकीटभाव' या फील्डवरून किंमत देतो. जावामध्ये वरच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी पूर्ण चालतो आणि त्यानंतरच खालच्या क्लासच्या फील्डना किमती मिळतात. पण मेथड मात्र खालचीच चालते. त्या क्षणी 'पाकीटभाव' शून्य असतो, आणि लेबलवर तेच उमटतं. सुट्या वस्तूंना हे होत नाही, कारण त्यांचा भाव वरच्याच क्लासमध्ये आहे. हाच कोड सी प्लस प्लसमध्ये असता तर कन्स्ट्रक्टरमधून वरचीच मेथड चालली असती, म्हणून दुसऱ्या भाषेतलं उत्तर वाचून इथे उपयोग होत नाही. नियम पक्का ठेवा: कन्स्ट्रक्टरने फील्ड भरायची आणि तपासायची, ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलवायची नाही. नव्या रचनेत 'वस्तू'ला वारसच नाही, त्यामुळे ही चूक करायला जागाच उरत नाही.

हॅशमॅप. तुम्ही 'वस्तू' हीच 'की' म्हणजे शोधायची चावी म्हणून वापरलीय, आणि तिच्या हॅशकोडमध्ये (वस्तूच्या माहितीवरून मोजलेल्या आकड्यात) नाव आणि भाव दोन्ही आहेत. मॅप वस्तू ठेवताना त्या वेळचा हॅश मोजतो, त्यावरून खण ठरवतो आणि तो हॅश नोंदीसोबत साठवतो. नंतर भाव बदलला की शोधताना नवा हॅश निघतो. तो बहुधा दुसऱ्याच खणाकडे नेतो, आणि योगायोगाने तोच खण मिळाला तरी साठवलेला हॅश जुळत नाही, म्हणून उत्तर नाहीच येतं. मॅपवर लूप फिरवला तर वस्तू दिसते, शोधली तर मिळत नाही, पुन्हा घातली तर दोनदा दिसते. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की निदान हेच. खात्री करायची असेल तर भाव पुन्हा जुना करून शोधा, वस्तू सापडेल.

'की' म्हणून वस्तूचा कोड वापरा, स्ट्रिंग (साधा मजकूर). 'वस्तू'ची समानता ठरवायचीच असेल तर फक्त कोडवरून ठरवा. इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे सांगणारी मेथड) लिहिलं तर हॅशकोडही लिहा, दोन्ही एकाच फील्डवर. इक्वल्सचा पॅरामीटर 'ऑब्जेक्ट' असू द्या, 'वस्तू' नको, नाहीतर ते ओव्हरराइड न होता ओव्हरलोड (त्याच नावाची दुसरीच मेथड) होतं आणि मॅप त्याकडे बघतही नाही. डोक्यावर ओव्हरराइड ॲनोटेशन लावलं की ही चूक कंपाइल होतानाच पकडली जाते. जावा १६ पासून रेकॉर्ड (फक्त माहिती ठेवणारे छोटे क्लास) आहेत, ते दोन्ही मेथड आपोआप देतात. पण रेकॉर्डमध्ये बदलणारी यादी ठेवली तर हाच घोळ परत येतो.

एका पैशाचा फरक. यात दोन वेगळी कारणं मिसळलीत. पहिलं डबल: बायनरीत ०.१ नेमका मांडता येत नाही, म्हणून ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. बिगडेसिमल (दशांश नेमके ठेवणारा जावाचा क्लास) वापरा, आणि तो स्ट्रिंगपासून बनवा. डबलपासून बनवलात तर तीच चूक सगळ्या अंकांसकट आत येते. तुलना कंपेअरटूने करा, कारण इक्वल्सच्या दृष्टीने २.० आणि २.०० वेगळे असतात.

दुसरं कारण ओओपीच्या जास्त जवळचं आहे. ४२.५० वर ५% कर २.१२५ होतो, अर्धा वर ढकलला की २.१३. पण इंदूरच्या दुकानाचं इंदूरच्या गिऱ्हाइकाला बिल म्हणजे सीजीएसटी २.५% आणि एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) २.५%. प्रत्येकी १.०६२५, गोल केल्यावर १.०६, दोन्ही मिळून २.१२. गणित दोन्हीकडे बरोबर आहे, तरी पैशाचा फरक पडतो, कारण गोल करण्याची जागा दोन क्लासांत दोन ठिकाणी आहे. 'रक्कम' नावाचा एक क्लास करा. त्यात बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी एवढंच, आतली किंमत डबल म्हणून बाहेर देणारा गेटर नाही. गोल कुठे करायचं, ओळीवर की एकूण बिलावर, हे सीएंना एकदा विचारा आणि तो निर्णय एकाच मेथडमध्ये लिहा. भावात कर धरलेला आहे की वर लावायचा आहे, हेही आत्ताच विचारून घ्या. कर धरलेला असेल तर १०५ मधला कर १०५ च्या ५% नसतो, १०५ ÷ १.०५ करून मूळ १०० आणि कर ५ निघतो.

आणखी दोन गोष्टी कोडमध्ये दिसल्या, त्या थोडक्यात. 'बिल'चा गेटर (आतली माहिती बाहेर देणारी मेथड) आतली यादी जशीच्या तशी बाहेर देतो. कोणीही त्यात ओळ घालू शकतं आणि एकूण रक्कम जुनीच राहते. लिस्ट कॉपीऑफने प्रत द्या, आणि ओळ घालण्यासाठी 'बिल'वरच मेथड ठेवा. 'चालू बिल नंबर' स्टॅटिक (एका चालू प्रोग्रामपुरता सामायिक) आहे. दुसरं काउंटर सुरू झालं की तिथे वेगळा प्रोग्राम चालेल आणि तेच नंबर पुन्हा निघतील. नंबर डेटाबेसकडून घ्या.

बदल करायचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण चालतं बिलिंग उघडून सगळं एकदम बदललं तर काय मोडलं ते कळतच नाही. आधी खरी बिलं गोळा करा, चाळीस-पन्नास पुरेत, पण त्यात सुटं, पॅक, घाऊक, परतावा आणि सप्टेंबर २०२५ च्या बदलाच्या दोन्ही बाजूंच्या तारखा असू द्या. ती जुन्या कोडमधून काढून उत्तरं फाइलमध्ये ठेवा. मग 'रक्कम' आणा आणि सगळी बिलं पुन्हा चालवून ताडा. जिथे फरक पडेल तिथे जुनं चूक होतं की नवं, हे हाताने तपासून लिहून ठेवा. त्यानंतर मॅपची की, मग 'करनियम', मग 'भावपत्रक', मग 'विक्रीरीत', आणि प्रत्येक पायरीनंतर तीच बिलं पुन्हा. जुने वारस शेवटी काढा. तोवर ते रिकामे झालेले असतील. गिफ्ट बॉक्स सगळ्यात शेवटी.

मध्ये अडलात तर कोड लहान करत जा. डेटाबेस काढा, स्क्रीन काढा, एक वस्तू आणि एक ओळ ठेवा, जोवर चूक दिसतेय तोवर कापत राहा. निम्म्या वेळा कारण कापतानाच दिसतं. नाही दिसलं तर तो वीस-पंचवीस ओळींचा तुकडा, जावाची आवृत्ती, काय अपेक्षित होतं आणि काय आलं, आणि एररचा पूर्ण स्टॅक ट्रेस (चूक कुठून कुठे आली त्याची यादी), एवढं कोणालाही दाखवता येतं. ट्रेसमध्ये सगळ्यात खालची 'कॉज्ड बाय' ओळ आधी वाचा, मूळ कारण बहुधा तिथे असतं. नल पॉइंटरची चूक असेल तर जावा १५ पासून कुठलं व्हेरिएबल नल होतं ते संदेशातच येतं. जुन्या आवृत्तीवर असाल तर तेवढ्यासाठीसुद्धा वर या.

नवं बिलिंग काउंटरवर लावाल तेव्हा पहिला आठवडा जुनं आणि नवं दोन्ही चालू ठेवा, गल्ला बंद करताना दोन्हींची एकूण रक्कम आणि कर ताडून बघा. आणि हे काम नवरात्राच्या आधी उरका. धनतेरसच्या गर्दीत काउंटरवर नवा कोड नको, मग गिफ्ट बॉक्स त्या वर्षी हाताने लिहावे लागले तरी चालतील.